भाकरी कधी टाकायची?

आमच्या राजूरला कुणाला 'किती वाजले' विचारलं तर तो घड्याळाकडे बघतो. 'किती वेळ लागेल' विचारलं तर मात्र तो तुमच्याकडे बघतो. आधी पायांकडे, मग पोटाकडे, मग पाठीवरच्या पिशवीकडे. त्यानंतर जे उत्तर येतं ते ऐकून शहरातला माणूस मनातल्या मनात हसतो आणि दोन तासांनी उघड उघड शिव्या देतो. 'हे काय, इथंच' एवढ्या भरवशावर एक अख्खा डोंगर पालथा घातलेल्या माणसाचा संताप मला समजतो. पण सांगणारा खोटं बोललेला नसतो. त्यानं त्याच्या पायांचा हिशेब सांगितलेला असतो, आणि ऐकणाऱ्यानं तो आपल्या पायांना लावलेला असतो.

स्टँडवरच्या काळीपिवळीचंही तसंच. घोटीला जाणाऱ्या जीपवाल्याला 'कधी निघणार?' विचारलं की तो सीटवर हात आपटून म्हणतो, 'निघालीच! बसा.' तुम्ही बसता. तो उतरतो. पानटपरीवर जातो, एका ओळखीच्या म्हातारीचं बोचकं टपावर चढवतो, परत येऊन 'निघालीच' म्हणतो. नवखा प्रवासी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत राहतो. अनुभवी माणूस विचारतो, 'किती शीटं कमी आहेत?' यावर उत्तर क्षणात मिळतं: 'तीन.' आणि ते अचूक असतं. गाडी माणसांवर सुटते, घड्याळावर नाही, एवढं कळलं की राजूरला कुणाचा रक्तदाब वाढत नाही.

माझ्या भाच्याचा वाढतो. तो स्वीडनमध्ये उप्सालाला असतो, संगणकातलं काहीतरी करतो आणि उरलेल्या वेळात स्वतःला मोजतो. झोप किती, पावलं किती, नाडी किती, जेवणात प्रथिनं किती. गेल्या खेपेला नाताळच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं जाहीर केलं की मार्चमध्ये तो वासालोपेट करणार आहे.

"कसलं लोपेट?" त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं विचारलं. तिला तो खाण्याचा पदार्थ वाटला.

वासालोपेट म्हणजे बर्फावरून, पायांना लांबट पट्ट्या बांधून आणि हातांतल्या काठ्यांनी ढकलत ९० किलोमीटर जायचं. सेलेन गावाजवळ सुटायचं, मोरा गावात पोचायचं. दर वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी पंधरा हजारांहून जास्त माणसं हे पैसे भरून करतात. यामागची गोष्ट मला फार आवडली. १५२०-२१च्या हिवाळ्यात गुस्ताव वासा नावाचा तरुण सरदार डेन्मार्कच्या राजाविरुद्ध लोकांना उठवायला मोऱ्यात आला. भाषण झालं. गावानं ऐकून घेतलं आणि 'बघू, विचार करून सांगतो' असं म्हटलं. ग्रामसभा जगात कुठलीही असो, पहिल्या बैठकीत यापलीकडे काही होत नाही. तो बिचारा निराश होऊन स्कीवरून नॉर्वेकडे निघून गेला. तो गेल्यावर गावाचं मत पालटलं आणि दोन चपळ गड्यांना त्याच्यामागे धाडलं. त्यांनी त्याला सेलेनजवळ गाठून परत आणलं, आणि १५२३मध्ये तो राजा झाला. म्हणजे एवढ्या मोठ्या शर्यतीचं मूळ काय, तर उशिरा ठरवणाऱ्या गावानं वेळेवर निघालेल्या माणसाला मागून जाऊन गाठलं. राजूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

भाच्यानं लॅपटॉप उघडला. त्यात एक तक्ता होता. डावीकडे किलोमीटर, उजवीकडे वेळ, मध्ये रंगीत चौकोन. सकाळी आठला सुटायचं आणि ८ तास ४० मिनिटांत मोऱ्याला पोचायचं.

"हे चाळीस कुठून आले?" मी विचारलं. जन्मभर गणित शिकवल्यामुळे उत्तरापेक्षा रीत बघायची सवय लागली आहे.

रीत अशी की पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९७७ साली धावणाऱ्यांसाठी एक सूत्र मांडलं. अंतर दुप्पट केलं की वेळ नुसती दुप्पट होत नाही, दमणुकीची भर पडते. म्हणून अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा. अर्धी मॅरेथॉन दोन तासांत पळणाऱ्यानं पूर्ण मॅरेथॉनला ४ तास १० मिनिटं धरावीत. सूत्र चांगलं आहे, जगभर वापरतात. फक्त रीगलसाहेबांच्या सूत्रात पेडर रोड नाही. २००४पासून मुंबई मॅरेथॉन पळणाऱ्या पिढ्यांना विचारा. पाय संपत आलेले असताना शेवटच्या टप्प्यात तो चढ येतो आणि १.०६ वा घात तिथंच बसकण मारतो.

बर्फावर तर पंचाईत आणखी मोठी. रस्ता काल होता तसा आज असतो. बर्फ तसा नसतो. फार थंडीत पडलेला कोरडा, नवा बर्फ पट्ट्यांना घासतो, पुढे सरकू देत नाही. ऊन लागून ओला झालेला बर्फ खालून ओढून धरतो. रात्री गोठून घट्ट झालेल्या बर्फावरून माणूस न मागता सुसाट जातो. शिवाय पट्ट्यांना खालून कुठलं मेण लावलं यावर सगळा खेळ. १९२२च्या पहिल्या वासालोपेटमध्ये एर्न्स्ट आल्म हा बावीस वर्षांचा मुलगा ७ तास ३२ मिनिटं ४९ सेकंदांत पहिला आला. २०२१मध्ये नॉर्वेच्या तूर आस्ले येर्दालेननं तेच ९० किलोमीटर ३ तास २८ मिनिटं १८ सेकंदांत संपवले. पट्ट्या बदलल्या, वाट आखीव झाली, नुसत्या हातांनी ढकलत जायचं तंत्र आलं. त्यामुळे गेल्या वर्षीची आपली वेळ यंदा कामाची नाही आणि शेजारच्या गावच्या शर्यतीतली वेळ तर अजिबातच नाही.

यावर स्की करणाऱ्यांनी एक नामी तोड काढली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या स्की शर्यतींत घड्याळाची वेळ बाजूला ठेवतात आणि बघतात की पहिल्या आलेल्यापेक्षा तुम्ही किती टक्के मागे होता. बर्फ वाईट असेल तर पहिल्यालाही वाईट असतो. तो तीन तासांत आला आणि तुम्ही सहा तासांत, तर तुम्ही शंभर टक्के मागे. पुढच्या वर्षी तो चार तासांत आला तर तुमचे आठ धरा. हे ऐकून मी खूश झालो. आमच्याकडे हे आधीपासून आहे, फक्त टक्के कुणी काढले नव्हते. 'मला अर्धा तास, तुम्हाला सव्वा' असं आमचे लोक न विचारता सांगतात. शहरातले लोक नेमका पहिला आकडा ऐकतात.

सराव हवा म्हणून भाच्यानं सामानातून चाकं लावलेल्या दोन आखूड पट्ट्या काढल्या. बर्फ नसेल तिथं डांबरी रस्त्यावर हे वापरतात म्हणे. दुसऱ्या दिवशी पहाटे कोल्हार-घोटी रस्त्यावर, डोक्यावर टोपी, डोळ्यांना पिवळा चष्मा, दोन्ही हातांत दोन लांब काठ्या, पायांखाली चाकं, असा तो रंध्याच्या दिशेनं निघाला. पहिला अंदाज तिथं चुकला. त्याच्या तक्त्यात कुत्र्यांसाठी रकाना नव्हता. मोटारसायकल ओळखणारी, एसटी ओळखणारी, बैलगाडीलाही ओळख देणारी आमची कुत्री या प्रकाराला काय म्हणावं ते न कळून वेशीपासून मागे लागली. त्या पट्ट्यात भाच्याचा वेग त्याच्या आजवरच्या कुठल्याही वेगापेक्षा जास्त भरला, हे त्याच्या मनगटावरच्या घड्याळात नोंदलेलं आहे.

परतताना तो दमून एका ओट्यावर टेकला तर तिथल्या बाबांनी कळवळून विचारलं, "कधीपासून हाय हे?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

"दोन्ही पाय?"

"हो, दोन्ही."

"डॉक्टर काय म्हणतोय?"

दुपारपर्यंत राजूरभर झालं होतं की मास्तरांच्या भाच्याला परदेशात पायांचं काहीतरी झालंय आणि काठ्यांवर आणलंय. संध्याकाळी दोन घरून भेटायला माणसं आली. बहिणीनं त्यांना चहा केला. काय सांगावं हे न सुचून तिनंही 'आता बरं आहे' असंच सांगितलं.

मग ठरलं की कुत्री नसलेला सराव करायचा. कळसूबाई. भाच्याचे पुण्याचे सात मित्र येऊन मिळाले आणि रविवार ठरला. रविवार का, तर त्यांना सुट्टी. सगळ्या महाराष्ट्रालाही रविवारीच सुट्टी असते, हा मुद्दा मी मांडला. तो तक्त्यात बसला नाही.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर हे पाचवीच्या मुलालाही पाठ असतं. बारी गावातून वर जायचं अंतर साधारण ३.३ किलोमीटर आणि चढ सुमारे २७०० फूट धरतात. यासाठी भाच्याकडे दुसरं सूत्र होतं. १८९२मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं ते सांगितलं: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. हिशेब केला तर दोन तास दोन मिनिटं येतात. नेस्मिथ आपल्या सवयीच्या, न थांबणाऱ्या माणसांबद्दल बोलत होता. वाटेत ताक, लिंबूसरबत, काकडीला तिखटमीठ, गरम भजी आणि मक्याचं कणीस असं सगळं मांडून ठेवलेल्या डोंगराची त्याला कल्पना नसावी. वरची दोन मिनिटं मात्र मला फार आवडली. माणूस तासांत चुकतो तेव्हा मिनिटं फार जपून सांगतो.

मी स्वतः वर जात नाही. गुडघे म्हणतात नको, आणि आमचं या बाबतीत एकमत आहे. मी बारीत एका घराच्या पडवीत बसलो, जिथं ट्रेकवाल्यांना जेवण मिळतं. तिथल्या ताई चुलीपुढे बसून सगळा कारभार चालवतात. सकाळी सातच्या आधीच आठ जण त्यांच्यापुढे उभे राहिले.

"ताई, आम्ही साडेदहाला खाली. आठ जणांचं जेवण. पिठलं, भाकरी, ठेचा."

ताईंनी मान वर केली. "कुठले?"

"पुण्याचे."

"समदे?"

"मी स्वीडनहून."

ताईंनी स्वीडनला काही भाव दिला नाही. एका मुलाच्या गळ्यातल्या मोठ्या कॅमेऱ्याकडे मात्र नीट बघितलं. एका मुलीचे कोरे करकरीत बूट बघितले. "चहा घेता?" सगळे हो म्हणाले. चहा झाला. कॅमेरेवाला म्हणाला, "अजून एक मिळेल का?" ताईंनी त्याला चहा ओतता ओतता निर्णय दिला, "दीडला या. गरम भाकर मिळंल."

मुलं हसली. भाच्यानं घड्याळाचं बटण दाबलं आणि सगळे निघाले.

ते वर काय झालं याची हकिगत मला नंतर आठ तोंडांनी ऐकायला मिळाली, पण सार एकच. पहिला तास तक्त्याप्रमाणे गेला. मग लोखंडी शिडी आली. शिडीखाली रांग. वर चढणारे एका रांगेत, उतरणारे त्याच शिडीवरून, मध्ये कुणीतरी आपल्या मुलाचा फोटो काढतंय. घड्याळ दर किलोमीटरला किती मिनिटं लागताहेत ते दाखवतं. माणूस जागेवर उभा राहिला की भागाकार करायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि ते नुसत्या आडव्या रेघा दाखवतं. भाचा म्हणाला, "मामा, पाऊण तास रेघा बघत होतो."

गंमत अशी की वासालोपेटमध्येही हेच आहे. सुटल्यावर लगेच एक लांब चढ आहे आणि त्यावर हजारो माणसं पट्ट्या एकमेकांच्या पट्ट्यांवर ठेवत मुंगीच्या पावलांनी सरकतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना सगळ्यात मागच्या गटात उभं करतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला ही कोंडी पुरेपूर येते. भाच्याला हे ठाऊक होतं. तक्त्यात त्यानं त्याला आठ मिनिटं दिली होती.

चढावर दुसरी एक जात भेटते, ती म्हणजे उतरून येणारे लोक. 'अजून किती?' असं कुणीही विचारलं की ते एका सुरात सांगतात, 'आलंच, दहा मिनिटं.' काही जण दयेपोटी सांगतात. काहींना वर जाताना कुणी तरी असंच सांगितलेलं असतं आणि ते ती परतफेड करत असतात. स्टॉलवाल्यांची पद्धत जास्त शास्त्रीय. तुम्ही सरबत घेण्याआधी 'लई हाय अजून, बसा, घोटभर प्या', आणि पैसे दिल्यावर 'झालंच की, ही एक शिडी'. एका उतरणाऱ्या आजीबाईंनी मात्र भाच्याला सरळ उत्तर दिलं: "इचारून जवळ यील का?" बारीच्या लोककथेतली कळसू पाटलाच्या घरची चाकरी सोडून हा डोंगर चढून गेली ती कायमची. भांडी घासायला सांगितलेलं तिला मानवलं नव्हतं. थाळे मेळ म्हणतात त्या जागी भांडी घासून टाकली आणि निघाली. किती वेळ लागेल हे तिनं वाटेत कुणाला विचारल्याचं कथेत कुठं येत नाही, आणि ती वर पोचली हे तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

मधल्या एका टप्प्यावर भाचा दोन्ही कार्बनच्या काठ्यांवर रेलून श्वास घेत असताना मागून एक बाई आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत पाण्याच्या बाटल्या, बटाटे, कांदे, बेसनाची पिशवी, वर सरपणाची मोळी आडवी. पायात प्लॅस्टिकच्या चपला. त्या थांबल्या नाहीत, पण जाता जाता म्हणाल्या, "बसा ना दादा जरासं. दमलात." तो त्यांच्या स्टॉलवर पोचला तेव्हा चूल पेटली होती आणि भज्यांचं पीठ कालवून झालं होतं. विचारपूस केली तर कळलं, त्या आठला घरून निघाल्या आणि पाऊण तासात तिथं आल्या. भाचा सातला निघून तिथं आठ पन्नासला आला होता. म्हणजे त्यांना ४५ मिनिटं, त्याला ११० मिनिटं. भजी खाता खाता त्यानं मोबाइलवर हिशेब केला: १४४ टक्के मागे. त्या पाटीचं वजन वजा करायचं की मिळवायचं यावर मित्रांमध्ये वाद झाला आणि त्यात आणखी वीस मिनिटं गेली.

इकडे खाली मी ताईंना विचारलं, "दीडच का हो?"

"पोरं बरी हायेत," ताई म्हणाल्या. "पन दुसरा चहा मागितला. जो दुसरा चहा मागतो त्याला तासभर वाढवून धरायचा. मोठा कॅमेरा असंल तर अजून एक. नवे बूट असत्याल तर उतरताना अर्धा."

"आणि माझा भाचा? तो तर रोज पळतो."

"पळणारा एकटा असता तर निराळं. पुढच्याचं काय करायचं, मास्तर? मागचा येईपर्यंत पुढच्याला पण जेवायला वाढता येत न्हाई. मागच्यावरून भाकर टाकायची."

हे ऐकल्यावर मी वहीत लिहून घेतलं. रीगल आणि नेस्मिथ दोघांनाही मोकळं सुटता येतं; त्यांचं चुकलं तर सूत्राखाली एक टीप पडते. ताईंचं चुकलं तर भाकरी गार होते, गिऱ्हाईक नाक मुरडतं, पुढच्या रविवारी शेजारच्या पडवीत जातं. आधी केलेली नागलीची भाकरी कडक होते, उशिरा केली तर आठ भुकेली तोंडं चुलीभोवती उभी राहून हात शेकतात. त्यामुळे लोक काय म्हणतात हे त्या ऐकून घेतात, पण पिठात पाणी घालताना ते धरत नाहीत.

सव्वा वाजता त्यांनी परात पुढे ओढली. एक वाजून पंचवीस मिनिटांनी पहिला माणूस दिसला. शेवटची ती नव्या बुटांची मुलगी, बूट हातात घेऊन.

जेवताना मुलं गप्प होती. ताई वाढत होत्या आणि तव्यावर पुढची भाकरी फुगत होती.

आता यातून कुणी असं समजू नये की आम्हा लोकांना वेळेवर पोचता येत नाही. मुदत बाहेरून आली की मराठी माणूस बरोबर पोचतो. वारी बघा. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत असते. मधलं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाट, मध्ये पाऊस, बरोबर लाखो माणसं, त्यातली बरीच सत्तरीच्या पुढची. दुपारचं जेवण कुठं, मुक्काम कुठं, हे आधीच छापलेलं असतं. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी आमच्याच जिल्ह्यातून जाते, तिचंही तसंच. जिल्ह्याचं नाव नगरचं अहिल्यानगर झालं, पण मुक्कामाच्या गावांना पालखी यायची तिथी विचारावी लागत नाही. इथं कुणी 'मला किती वेळ लागेल' असं विचारतच नाही. एकादशी ठरलेली आहे. तिच्यामागे मोजत या, आणि आज कुठवर जायचं ते कळतं.

किंवा आमच्या नाशिकचे सायकलवाले घ्या. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटरची शर्यत असते. २०१५मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं पूर्ण केली. मुदत नऊ दिवसांची, हे नवव्या दिवशी पोचले. २०१७मध्ये नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकएकट्यानं गेले. मुदत बारा दिवसांची, दोघंही बाराव्या दिवशी पोचले. एवढा मोठा देश ओलांडायचा आणि नेमकं शेवटच्या दिवशी दारात उभं राहायचं, याला मी तरी कौशल्यच म्हणतो. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्समध्ये अलीकडे मराठी मंडळी मोठ्या संख्येनं जातात. ही नव्वदेक किलोमीटरची धाव. तिथं बारा तास भरले की एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो. पाठ यासाठी, की दोन पावलांवर आलेल्याचा चेहरा दिसला तर बोट चालणार नाही. वासालोपेटमध्ये बंदूक नाही, दोरी आहे. ठरलेल्या वेळेनंतर टप्प्यावर आलात तर आडवी दोरी लावून अदबीनं बाजूला घेतात.

परत जायच्या आदल्या दिवशी भाच्याला कुठून तरी बुद्धी झाली. मला म्हणाला, "मामा, ताईंना विचारून बघा ना. नव्वद किलोमीटर. सकाळी आठला सुटायचं."

मी पुढच्या खेपेला बारीत गेलो तेव्हा विचारलं. ताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि उलट मलाच प्रश्न विचारायला लागल्या.

"वाटंत खायला मिळतं का?"

"मिळतं. सात ठिकाणी. गरम सार देतात, जांभळासारख्या कसल्याशा फळाचं. शिवाय गोड पाव."

"इकत?"

"नाही, फुकट."

ताईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मंग दिवस बुडंल त्येला. दिवं लागल्यावर यील. पन यील."

मार्चचा पहिला रविवार. इकडे रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. पोचला होता. वेळ १० तास ५२ मिनिटं. आवाज खोल गेलेला, पण कारणांची यादी ताजी होती. पहिल्या चढावरच तासभर गेला. दुपारी बर्फ मऊ पडला आणि मेण चुकलं. सारासाठी रांग होती.

"कसलं?"

"जांभळं, मामा. ब्लूबेरीचं. प्रत्येक ठिकाणी दोन पेले घेतले."

शिवाय आईनं दिलेले राजूरचे पेढे त्यानं आतल्या खिशात ठेवायच्या ऐवजी बाहेरच्या खिशात ठेवले, ते गोठून गोट्या झाले, आणि एक पेढा तोंडात विरघळेपर्यंत त्याला वाटेत उभं राहावं लागलं. पेढा फेकवला नाही. यात किती वेळ गेला ते घड्याळानं नोंदलेलं नाही. तिथं आडव्या रेघा आहेत. पहिल्या आलेल्याच्या किती टक्के मागे, हे मी विचारलं तर त्यानं विषय बदलला.

मी हे सगळं ताईंच्या कानावर घातलं. दिवे लागल्यावर पोचला, हे त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्यात काय नवल. त्यांना वेगळीच चौकशी होती.

"शेवटाला जेवायला घालत्यात का तिथं?"

"घालतात. मोठा मंडप असतो म्हणे. पंधरा हजार माणसं."

"गरम होतं का?"

हे भाच्याला विचारावं लागलं. त्यानं लिहून पाठवलं: भात होता, बटाटे होते, पण तो पोचेपर्यंत गार झालं होतं.

मी ताईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही.

"म्हंजी अंदाज त्यांचाच चुकला," त्या म्हणाल्या.